गाडी उचलण्याआधी शाफ्टला विचारा

कणकवलीजवळ माझं लेथचं दुकान आहे. मी लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, विकत नाही, बसवतही नाही. पण उचललेल्या गाड्यांखालून निघालेले शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जोर चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळ्या, शेवटी माझ्याच टेबलावर येतात. कुणाचा क्रॉस (शाफ्टला वाकू देणारा सांध्यातला चार टोकांचा तुकडा) पिचलेला असतो, कुणाची स्प्लाइन (सरकत्या जोडाचे लांब दात) टोकाला खाल्लेली असते, कुणाच्या योकचा (क्रॉसला धरणाऱ्या दुबेळक्याचा) कान घासून चकाकत असतो. मे महिन्यात पावसाची तयारी म्हणून गाडी उचलायची आणि गणपतीच्या आसपास शाफ्ट काढून माझ्याकडे आणायचा, हा आता इकडचा रिवाजच झालाय. बोलणंही ठरलेलं.

"भाऊ, सत्तरच्या वर गेलंय की खालसून थरथरता."

"किती उचललंस?"

"दोनच इंच."

"कोन मोजलेलंस?"

इथे बोलणं थांबतं.

उंची आपण टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीवर बघतो. शाफ्टला ती फट कळत नाही. आपण किती वाकलो आणि किती ताणलो गेलो, एवढंच त्याला कळतं. लिफ्ट किती घ्यायची ते या दोन आकड्यांवर ठरवा, आणि किटचे पैसे देण्याआधी ठरवा. मोजायला अर्धा दिवस पुरतो आणि सामान घरात सापडेल एवढंच लागतं.

उचलायची कशासाठी

जुनी जीप, एमएम ५४०, जिप्सी, जिम्नी या गाड्यांना पुढे-मागे एकसंध हाउसिंग, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारं एकच लोखंडी आवरण, असतं. अशी गाडी उचलली की चासी वर जाते, डिफ्रन्सचा (डिफरन्शियलचा) हाउसिंगच्या मधला गोळा मात्र होता तिथेच राहतो. सड्यावरच्या कातळात अडकतो तो हा गोळाच. त्याला वर न्यायचं तर टायर मोठं पाहिजे, आणि टायरचा व्यास ५० मिमीने वाढला तर गोळा २५ मिमी वर जातो. टायर बदलल्याने शाफ्टचा कोन बदलत नाही. बॉडी लिफ्टनेही बदलत नाही, कारण त्यात ठोकळे ठेवून फक्त बॉडी वर घेतात; इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या शाफ्टांत वाटणारा डबा) चासीवर जागच्या जागी राहतात. कोन बदलतो तो पाटे, कॉइल स्प्रिंग, शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारा दुवा) किंवा टॉर्शन बार (पिळावर चालणारी स्प्रिंगची कांब) यांच्या जोरावर गाडी वर घेतली की.

माझं मत विचाराल तर कलमांच्या बागेत जायला, चिरेखाणीच्या रस्त्याला आणि पावसात व्हाळ (ओढे) ओलांडायला दीड-दोन इंच आणि एक नंबर मोठं टायर पुष्कळ झालं. चार इंच फोटोसाठी असतात. कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पासिंग आणि विमा यांची चौकशी आधी करा, मग पाना हातात घ्या.

क्रॉस काय करतो

सॉकेट सेटमध्ये एक छोटा युनिव्हर्सल जॉइंट असतो. तो काढा, तीसेक अंशात वाकवा आणि एक टोक बोटांनी सावकाश, एकसारखं फिरवा. दुसरं टोक एकसारखं फिरणार नाही. दर फेरीला ते दोनदा पुढे पळेल आणि दोनदा मागे रेंगाळेल. शाफ्टचा क्रॉस हेच करतो. १० अंशाला हा फरक दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली असतो. २० अंशाला तो सहा टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट झाला की त्रास चौपट होतो, हे डोक्यात ठेवा. 'अजून एकच इंच' म्हणणाऱ्याला हेच सांगावं लागतं.

म्हणून शाफ्टला दोन क्रॉस देतात. पहिल्याने बिघडवलेला वेग दुसरा सरळ करतो. त्याला दोन अटी आहेत. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे पाहिजेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत पाहिजेत.

दुसरी अट आधी सांगतो, कारण ती फुकट पाळता येते. शाफ्टमध्ये आत-बाहेर सरकणारी स्लीव्ह असते. ती काढली आणि परत घालताना स्प्लाइनचा एक-दोन दात जरी चुकला, तर दोन योक एकमेकांशी तिरके बसतात आणि गाडी न उचलताही शाफ्ट थरथरतो. शाफ्ट खोलण्याआधी स्लीव्ह आणि नळी दोन्हींवर एका ओळीत पंच मारा. दोन्ही फ्लँजवरही, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकत्यांवरही, खूण करा. खडूची खूण नको, डिझेलने पुसली जाते.

पहिल्या अटीची सोय कंपनीने केलेली असते. ट्रान्सफर केसमधून बाहेर येणारा दांडा (आउटपुट) आणि डिफ्रन्सचा पिनियन (शाफ्टचं दुसरं टोक ज्याला जोडतात तो दांडा) साधारण समांतर ठेवलेले असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा कोन आपोआप सारखा येतो. गाडी उचलल्यावर हाउसिंग जसंच्या तसं खाली गेलं तर दोन्ही कोन वाढतात, पण सारखे वाढतात. हाउसिंग फिरलं की हिशेब बिघडतो. लांब शॅकल टाकून मागची बाजू उचलली आणि शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असला, तर पिनियनचं नाक वर उठतं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत हाउसिंगला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचा कोन बदलतो आणि त्यानेही हाउसिंग थोडं फिरतं.

आता जे सगळ्यात जास्त वेळा माझ्याकडे येतं ते. मोबाइलवर परदेशातली उंच केलेली जीप रँग्लर बघितलेली असते. तिचा पिनियन सरळ शाफ्टकडे वर बघत असतो. हे बघून पोरगा आपल्या जीपचा पिनियनही पाटे आणि हाउसिंग यांच्यात पाचरा घालून तसाच वर करतो. पण अशा रँग्लरच्या शाफ्टला वरच्या टोकाला डबल कार्डन बसवलेला असतो, म्हणजे दोन क्रॉस शेजारी-शेजारी आणि मध्ये त्यांना सांभाळणारा गोळा. वेगाचा चढउतार ती जोडी आपल्यातच मिटवते, म्हणून खालचा क्रॉस जवळजवळ सरळ ठेवावा लागतो. आपल्या शाफ्टला वर एक आणि खाली एक असे साधे क्रॉस असताना पिनियन वर केला, तर खालचा कोन शून्यावर येतो, वरचा दहा अंशांवर राहतो आणि वरच्याने बिघडवलेलं सरळ करायला कुणी उरत नाही. वर सांगितलं जातं की "पाचरा टाकल्यावर जास्तच थरथरूक लागला."

साध्या शाफ्टला पिनियन आउटपुटशी समांतर ठेवायचा. डबल कार्डन असेल तर शाफ्टच्या रेषेत, आणि पाट्यांची गाडी असेल तर रेषेच्या एक-दोन अंश खाली, कारण जोर लावल्यावर पाटे पिळवटतात आणि नाक आपसूक वर येतं. या दोन रीतींची मिसळ करू नका.

मोजायचं कसं

चुंबक लावलेला डिजिटल कोनमापक मिळाला तर उत्तम. मोबाइलचं लेव्हल अॅपही चालतं, फक्त कव्हर काढा आणि कड सपाट आहे ना बघा. गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे. जॅकवर लटकलेल्या गाडीचे कोन खोटे. आपल्याकडची अंगणं उताराची असतात, त्याने बिघडत नाही, कारण आपल्याला एका कोनातून दुसरा वजा करायचा आहे. फक्त मधेच गाडी हलवू नका आणि मापक प्रत्येक वेळी त्याच बाजूला तोंड करून धरा. नेहमी मागे जे सामान असतं ते ठेवा, टाकी अर्धी तरी भरलेली असू द्या.

तीन ठिकाणी मोजायचं. ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर. फ्लँजचा चेहरा उभा असतो, त्यावरचं माप ९० मधून वजा केलं की दांड्याचा उतार मिळतो. नळीवरचा चिखल खरवडून काढा. लाल माती सुकली की मापकाच्या खाली एक अंश सहज लपतो.

समजा आउटपुटचा उतार मागच्या बाजूला ४ अंश आला, नळीचा ९ अंश आणि पिनियनचा ४ अंश. वरच्या क्रॉसचा कोन ५, खालचाही ५. दोन्ही कोनांत एक अंशापर्यंतचा फरक चालतो.

आता या गाडीला ५० मिमी उचलायचं आहे. एका क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत शाफ्ट ६०० मिमी असेल, तर नळीचा उतार ९ वरून साडेतेराच्या थोडा वर जातो. क्रॉसचे कोन ५ वरून साडेनऊ झाले. तोच शाफ्ट १२०० मिमी असेल तर उतार सव्वाअकरा आणि कोन सव्वासात. किट तेच, उंची तीच, आणि आखूड शाफ्टवर भार जवळजवळ दुप्पट वाढला. लांब पिकअपला जे चाललं ते जिप्सीला का चालत नाही, याचं उत्तर हे आहे. जिप्सी आणि जिम्नीत तर ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी मधे बसवलेली असते, गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस एक छोटा शाफ्ट आणि मग पुढे-मागे एकेक, त्यामुळे पुढचे-मागचे आधीच आखूड होतात. तो मधला छोटा शाफ्ट लिफ्टने बदलत नाही, पण ट्रान्सफर केस खाली घेण्यासाठी ठोकळे लावले की मात्र बदलतो. तोही मोजा.

हिशेब कागदावर करायचा तर लांबीला शाळेतलं पायथागोरस आणि कोनाला शाळेतला टॅन्जंट पुरतो. शाफ्टची आडवी लांबी तशीच ठेवा, उभ्या फरकात लिफ्ट मिळवा, बास.

किती कोन चालेल

ते शाफ्ट किती वेगाने फिरतो यावर आहे. शाफ्ट बनवणारे वापरतात त्या कोष्टकाप्रमाणे मिनिटाला १५०० फेऱ्यांना साडेअकरा अंशांपर्यंत चालतं, २००० ला साडेआठच्या आसपास, २५०० ला ७, ३००० ला सहाच्या जरा खाली आणि ४००० ला सव्वाचार.

तुमच्या शाफ्टच्या फेऱ्या अशा काढा. टायरचा व्यास ७५ सेंमी असेल तर घेर साधारण २.३६ मीटर. ताशी ८० किमी म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाच्या ५६५ फेऱ्या. क्राउन पिनियनचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या फेऱ्या, ४.३ असेल तर शाफ्ट मिनिटाला २४३० वेळा फिरतो. याला सातेक अंश चालतील. वरच्या उदाहरणातला आखूड शाफ्ट साडेनऊवर आहे. तो बागेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वर्षानुवर्षं चालेल आणि मुंबई-गोवा हायवेवर तासाभरात क्रॉस तापवेल. गाडी कुठे चालते याचा विचार इथे करायचा. हायवेला लागणारच नसेल तर मी हट्ट धरत नाही.

उलट बाजूही आहे. कोन अगदी शून्य करू नका, अर्धा अंश तरी ठेवा. क्रॉसच्या कपात बारीक सुया असतात. कोनच नसेल तर त्या फिरत नाहीत आणि एकाच जागी ठोके खाऊन खड्डे पाडतात.

कोन जुळवायला पाचरा लागतात. दोन, चार, सहा अंशांच्या मिळतात. पोलादाच्या घ्या. अॅल्युमिनियमच्या पाचरा आपल्या रस्त्यांवर पिचतात, आणि खारी हवा त्यांना वेगळी खाते. जाड बाजू कुठे ठेवायची हे पाटा हाउसिंगच्या वर आहे की खाली यावर ठरतं. मागच्या हाउसिंगला पाटा वर असेल, तर जाड बाजू पुढे ठेवल्यावर पिनियनचं नाक खाली येतं. पाटा खाली असेल तर तीच पाचर नाक वर नेते. पाट्यांच्या मधल्या पिनला पाचरेच्या जाडीएवढी लांबी वाढवून घ्या, नाहीतर हाउसिंगच्या खाचेत ती पुरेशी शिरत नाही. पिनियन बराच वर केला असेल तर त्याच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल नीट पोचत नाही. अशा डिफ्रन्समध्ये तेल थोडं चढतं ठेवतात.

आंब्याच्या पिकअपची गोष्ट वेगळी

आमच्याकडे एक लिफ्ट अशी होते की तिला कुणी लिफ्ट म्हणत नाही. हंगामात पेट्या भरायच्या म्हणून पिकअपला मागे एक-दोन पाटे वाढवतात. भरलेली असताना गाडी बरोबर बसते. रिकामी परत येताना मागची बाजू आभाळाला लागते आणि गाडी उठताना धडधडते. लांब पिकअपचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये सेंटर बेअरिंग. इथे तीन क्रॉस येतात. पुढचा जवळजवळ सरळ ठेवायचा, एखादा अंश, आणि मागचे दोन एकमेकांशी जुळवायचे. सेंटर बेअरिंगच्या पट्टीखाली वॉशर घालून ते खाली-वर करता येतं. कोन रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही गाडीवर मोजा आणि ज्या अवस्थेत जास्त किलोमीटर जातात तिला झुकतं माप द्या. बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर मोजायच्या आधी ते बदला.

ताण

वरच्याच उदाहरणात ६०० चा शाफ्ट ५० मिमी लिफ्टनंतर साधारण ६१० चा व्हायला हवा. हे दहा मिमी स्लीव्हमधून येतात. ऐकायला काहीच नाही. पण हा हिशेब चाकांवर उभ्या गाडीचा. लिफ्टबरोबर लांब शॉकॲब्सॉर्बर टाकले की हाउसिंग आणखी खाली लटकतं आणि खरी परीक्षा तिथे होते. पाखाडीच्या कडेला एक चाक वर, एक हवेत, आणि स्लीव्हचे दोनच इंच स्प्लाइनवर उरलेले. त्यात पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की टोकाचे दात झिजतात. फारच झालं तर शाफ्ट निघून खाली पडतो.

मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी चाकांवर असताना स्लीव्ह जिथे संपते तिथे नळीच्या बाजूला रंगाची बारीक रेघ मारा. मग चासीखाली जॅक लावून मागची दोन्ही चाकं लटकवा, स्टँड लावा, आणि रेघ किती सरकली ते मोजा. स्टँडच लावा. चिऱ्यांची चवड रचून त्यावर गाडी ठेवायची सवय इकडे फार आहे. जांभा दाबाखाली सूचना न देता फुटतो आणि तुम्ही खाली असता.

लटकलेल्या अवस्थेतही स्प्लाइनच्या व्यासाच्या दीडपट लांबी एकमेकांत गुंतलेली राहिली पाहिजे, असा माझा नियम. उलट टोकही बघा. पाटे पूर्ण दाबले गेले, हाउसिंग रबरावर आदळलं, तेव्हा स्लीव्ह आत तळाला लागता कामा नये. लागली तर तो धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला जातो, आणि ते काम शाफ्टच्या कित्येक पट महाग.

चाकं लटकलेली असतानाच गिअर न्यूट्रलला घेऊन शाफ्ट हाताने पूर्ण फेरी फिरवा. कुठे अडकतो का, योकचा कान योकला लागतो का. घासून चमकलेली जागा दिसली तर तिथे धातू धातूला लागतोय. कान ग्राइंडरने थोडे मारून घेतात, पण थोडेच. जास्त मारलेत तर योक तिथेच तुटतो. त्यापेक्षा हाउसिंगला लटकण्याची मर्यादा घालणारे पट्टे लावणं बरं, किंवा सरळ शॉकॲब्सॉर्बर एक माप आखूड घेणं.

पुढची बाजू

एकसंध पुढच्या हाउसिंगला एक कायमचं भांडण असतं. जिम्नीसारख्या गाडीत उचलल्यावर पुढचं हाउसिंग फिरतं आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा तिरपेपणा, कमी होतो. स्टिअरिंग हलकं, भरकटणारं लागतं. ते सुधारायला वेगळे बुश घालून हाउसिंग परत मागे फिरवायचं तर पिनियनचं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. दोन्ही एकदम मिळत नाही. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मी स्टिअरिंगच्या बाजूने कौल देतो, कारण पुढचा शाफ्ट फोर-व्हीलमध्येच खरा ताण घेतो आणि तेव्हा वेग कमी असतो. मात्र ज्या गाडीत हब (पुढची चाकं आतल्या दांड्यांना जोडणारे भाग) कायम जोडलेले असतात तिथे पुढचा शाफ्ट हायवेलाही फिरत राहतो, तिथे हा कौल लागू नाही.

२०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे एकसंध हाउसिंग. पुढे डिफ्रन्स चासीला बांधलेला आणि दोन बाजूंना सीव्ही जॉइंटचे शाफ्ट. सीव्हीला साध्या क्रॉससारखा वेगाचा चढउतार नसतो, म्हणून गाडी थरथरत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. सीव्ही आपलं दुखणं उशिरा सांगतो. कोन वाढला की सांध्यावरच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस उडून जातं आणि लाल मातीचं पाणी आत शिरतं. वळताना कट-कट आवाज यायला लागला म्हणजे गोळ्यांची वाट लागलेली. चाकं लटकवून, स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण फिरवून बुटाकडे टॉर्च मारा. घड्या चिकटल्या असतील तर उंची कमी करा.

डिफ्रन्स आणि चासी यांच्यामध्ये ठोकळे घालून डिफ्रन्सला वीस-पंचवीस मिमी खाली घेण्याचे किट असतात. त्याने सीव्हीचा कोन सुधारतो, पण ज्या उंचीसाठी खर्च केला त्यातली तेवढी डिफ्रन्सखाली परत दिली. जुन्या टॉर्शन बारच्या थारला बोल्ट आवळून पुढची बाजू वर घेतात. फुकटातलं काम आहे, पण चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही. खाली जायची जागा कमी होते आणि गाडी खड्ड्यात ठोकरते. इंचभरापुढे जाऊ नका.

समुद्राच्या वाळूत चालवायला म्हणून गाडी उचलत असाल तर तो बेत सोडा. पोलीस गुन्हा नोंदवतात, वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि खारं पाणी बुटात शिरलं की त्याचं पुढे काय होतं ते मी रोज बघतो.

शाफ्ट लांब करून घेताना

दहा ते वीस मिमी कमी पडत असतील तर फ्लँजमध्ये ठोकळा टाकून भागतं. पण तो लेथवर टर्न केलेला पाहिजे, दोन्ही बाजूंना मूळ फ्लँजसारखा खोबणीचा बसणारा, म्हणजे शाफ्ट मध्यावर राहील. नुसत्या बोल्टांवर मध्य साधत नाही. बोल्ट लांब आणि मूळ ग्रेडचेच घ्या, बाजारातले मऊ नकोत.

त्याहून जास्त लागत असेल तर नळी बदलायची. जुनी नळी मधे कापून तुकडा जोडून देणारे भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. मी योक नळीतून काढतो, पूर्ण लांबीची नवी नळी घेतो, योक दाबून बसवतो, दोन्ही योक एका रेषेत आहेत हे सपाट टेबलावर तपासतो, चार ठिकाणी टाके मारतो आणि डायल गेज (बाक दाखवणारं काट्याचं मापक) लावून फिरवतो. नळीचा बाक अर्ध्या मिमीच्या आत आला की मगच पूर्ण वेल्डिंग, आणि गार झाल्यावर परत गेज. वेल्डिंगने नळी ओढली जाते. त्यानंतर बॅलन्सिंग. ते मशीन माझ्याकडे नाही, म्हणून शाफ्ट फोंडा घाटाने कोल्हापूरला जातो. बॅलन्सिंगचे पैसे वाचवणारा माणूस तेच पैसे पुढे ट्रान्सफर केसच्या सीलवर घालवतो.

माझ्याकडे किंवा कुठल्याही टर्नरकडे याल तेव्हा शाफ्टबरोबर कागद आणा. चाकांवर उभ्या गाडीत फ्लँज ते फ्लँज अंतर, लटकलेल्या गाडीत तेच अंतर, दाबलेल्या गाडीत तेच अंतर, आणि वर-खालचे दोन कोन. "अंदाजान इंचभर वाढव" या मापावर मी काम घेत नाही. शाफ्ट काढलेली गाडी उतारावर ठेवू नका. मागचा शाफ्ट निघाला की गिअरमध्ये टाकूनही गाडी धरत नाही, आणि ज्या गाडीत हँडब्रेक ट्रान्सफर केसवर असतो तिथे तोही गेला. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

चालवून बघताना

सरळ, मोकळा रस्ता घ्या. थरथर वेगाबरोबर वाढते की इंजिनबरोबर, हे आधी ठरवा. त्याच वेगाला गिअर बदलून बघा. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष सुटलं. टायरची थरथर जाड आणि सावकाश असते, स्टिअरिंगमध्ये जाणवते. शाफ्ट टायरच्या चारपट वेगाने फिरतो, त्याची थरथर बारीक असते, बुडाखाली गुणगुणते. जोर देताना एक आणि पाय काढल्यावर वेगळी, असं असेल तर पिनियनचा कोन जुळलेला नाही. पाय काढला किंवा दिला तरी सारखीच असेल तर बॅलन्स, वाकलेली नळी किंवा चुकलेले योक. ज्या गाडीत फोर-व्हील वेगळं लावावं लागतं तिथे पुढचा शाफ्ट फ्लँजमधून काढून टू-व्हीलमध्ये एक चक्कर मारा. थरथर गेली तर दोषी सापडला.

पावसात दर व्हाळ ओलांडणीनंतर क्रॉसला ग्रीस मारा. चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारायचं. तीनच कपांतून आलं तर चौथ्याचा मार्ग बुजलाय, तो क्रॉस बदलायला झाला. तापलेला डिफ्रन्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) किंवा सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरची नळी वर इंजिनच्या बाजूला नेऊन बांधा. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, पावसाळा संपायची वाट बघू नका.

नवे पाटे बसवले असतील तर पहिल्या काही दिवसांत ते बसतात आणि मिळालेली उंची थोडी कमी होते. पाटे हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा, आणि आवळून झाल्यावर तिन्ही ठिकाणचे कोन पुन्हा एकदा मोजून त्याच कागदावर लिहा.